शिक्षक जवळचे असावेत, पण नात्यात गुपित नसावं



उलव्यात बरीच कुटुंबं गेल्या काही वर्षांतच राहायला आली. २०१८ मध्ये खारकोपरपर्यंत लोकल सुरू झाली, २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि वस्ती वाढत गेली. पुष्कळ घरांत आई-बाबा दोघंही कामासाठी लांब जातात, आजी-आजोबा गावाला असतात, शेजाऱ्यांची ओळख अजून व्हायची असते. विमानतळासाठी ज्यांची गावं हलली, त्या घरांचीही जुनी आळी सुटली. अशा वेळी मुलाला "आज गप्प का?" असं विचारणारा घराबाहेरचा मोठा माणूस बहुतेक वेळा शिक्षकच असतो. म्हणूनच हे नातं सुरक्षित आहे ना, हे आपण पाहायला हवं.

सुरक्षित नातं कसं ओळखायचं?

प्रेमळ शिक्षक म्हणजे सुरक्षित आणि कडक शिक्षक म्हणजे असुरक्षित, असं नसतं. दोन प्रश्न विचारून पाहा.

१. मार्क कमी होतील, राग येईल अशी भीती न बाळगता मूल "मला समजलं नाही" किंवा "मला हे आवडलं नाही" असं शिक्षकांना म्हणू शकतं का?
२. शिक्षकांशी झालेलं सगळं बोलणं-वागणं ते घरी सांगू शकतं का?

दोन्हींचं उत्तर "हो" असेल तर नातं निरोगी आहे.

कायदा काय म्हणतो?

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षेइतकीच मानसिक छळालाही बंदी आहे. म्हणजे छडी सोडली आणि टोमणे चालू ठेवले, तर बदललं काय? रंग, जात, बोली, घरची परिस्थिती यांवरून सगळ्यांदेखत बोललेलं वाक्य मूल वर्षानुवर्षं विसरत नाही.

ऑगस्ट २०२४ मधल्या बदलापूरच्या घटनेनंतर सीसीटीव्ही, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती यांवर भर दिला गेला. हे हवंच. पण तक्रारपेटीत चिठ्ठी टाकायलाही "आपलं कुणीतरी ऐकेल" हा विश्वास लागतो. तो रोजच्या वर्गातच तयार होतो.

शिक्षकांसाठी

• मुलाशी एकट्याने बोलायचं असेल तर दार उघडं ठेवा, इतरांना दिसेल अशा जागी बसा.
• अभ्यासाचे निरोप वर्गाच्या ग्रुपवर द्या. मुलाशी खासगी चॅट नको.
• "हे आपल्या दोघांतच ठेव" असं कधीही म्हणू नका.
• चूक झाली तर चुकीबद्दल बोला, मुलाला नावं ठेवू नका.

मुलाने काही सांगितलं तर?

शांतपणे ऐका. "तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही," एवढं म्हणा. पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका. "कुणालाच सांगणार नाही" असं वचनही देऊ नका. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली किंवा तशी शंका आली, तर पोक्सो कायदा २०१२ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शाळेचं नाव खराब होईल म्हणून प्रकरण दाबणं हाही गुन्हा ठरतो. मदतीसाठी १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर मुलांना पाठ असू द्या.

पालकांसाठी

मूल घरी आलं की "किती मार्क पडले?" याआधी "आज कुणाशी काय बोललास?" हे विचारा. एखाद्या शिक्षकाचं नाव निघताच मूल गप्प होत असेल, शाळेच्या वेळी पोट दुखू लागत असेल, तर "नाटकं करू नकोस" म्हणून विषय संपवू नका. कारण काहीही असू शकतं, पण विचारल्याशिवाय ते कळणार नाही.

वर्गात घ्या हा उपक्रम

मुलांना वहीत आपला पंजा काढायला सांगा. प्रत्येक बोटावर एका मोठ्या माणसाचं नाव लिहायचं, ज्याला ते कुठलीही गोष्ट सांगू शकतात. नावं मोठ्याने वाचायला लावू नका. ज्याची बोटं रिकामी राहिली, त्या मुलाकडे या आठवड्यात थोडं जास्त लक्ष द्या. त्याची सुरुवात एका साध्या "कसा आहेस?"ने होऊ शकते.