थांब्यावर कोण उरलंय, ते आधी बघ

पोरी,

परवा बोलता बोलता तू म्हणालीस, "आत्या, एसटीचा संप काय, चार दिवसांत मिटतो." तेव्हा मी काही बोलले नाही, पण हेच वाक्य मी २०२१ च्या दिवाळीत आपल्या ओट्यावर बसून म्हटलं होतं. २०१७ च्या दिवाळीतला संप खरंच चार दिवसांत मिटला होता, म्हणून मी ठाम होते. तेव्हा ऑक्टोबर सरता सरता एकेक आगार बंद होत होतं, आणि भाऊबीज झाली की सुरू होईल, असं मी सगळ्यांना सांगत सुटले. गाड्या पूर्ववत व्हायला पुढच्या वर्षीचा एप्रिल उजाडला.

आता तू खोऱ्यातल्या गावात नांदायला गेलीस. तुमच्याकडे सकाळची एक गाडी, दुपारची एक, आणि रात्रीची मुक्कामी. त्यामुळे जे मला उशिरा कळलं, ते तुला आधीच लिहून देते. शहाणी आहेस, पण ऐकून घे.

१. संप चार दिवसांचा धरू नकोस, महिन्याचा धर — लवकर मिटला तर तयारी वाया जात नाही, लांबला तर चुकलेला दिवस परत आणता येत नाही.

२. पहिल्या सकाळी थांब्यावर जाऊन ये, तुला कुठं जायचं नसलं तरी — तिथं कोण उभं आहे, त्यावरून कळतं की एसटीवाचून गावात कुणाचं अडतं. आमच्या शेजारची म्हातारी हातात पिशवी घेऊन तीन सकाळी थांब्यावर बसून राहिली, कारण संपाची बातमी सगळ्यांच्या मोबाईलवर आली आणि तिच्याकडे मोबाईलच नव्हता. मी रोज खिडकीतून तिला बघत होते आणि मनात म्हणत होते, कुणीतरी सांगितलं असेल. "कुणीतरी" नावाचा माणूस गावात राहत नाही, पोरी.

३. त्याच दिवशी वहीचं एक पान काढ आणि नावं लिही: कुणाला रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या, कुणाचे दिवस भरत आलेत, कुणाचं पोर दहावी-बारावीला, कुणाचं डायलिसिस — डोक्यात ठेवलेली नावं गडबडीत गळतात, आणि गळतो तो नेमका न बोलणारा माणूस. आशाताईंना सोबत घे, अर्धी यादी त्यांना तोंडपाठ असते.

४. डायलिसिसवाल्याचा वार आधी, बाकी सगळ्यांची कामं नंतर — ते आठवड्यातून दोन-तीनदा लागतं आणि आजचं परवावर ढकलता येत नाही. गावात चारचाकी असलेली जी चार घरं आहेत त्यांच्यात वार वाटून घ्या, म्हणजे एकाच्याच दाराशी रोज हात जोडावे लागत नाहीत.

५. गोळ्या संपायची वाट बघू नकोस, आठ दिवसांच्या उरल्या की हालचाल कर. प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलीस तर महिन्याच्या एकदम मिळतात का ते विचार आणि रिकामं पाकीट फेकू नकोस — दुधाचा टेम्पो संप करत नाही, त्याच्यासोबत चिठ्ठी आणि ते पाकीट पाठवलं की मेडिकलवाला बरोबर गोळी देतो.

६. गरोदर बाईच्या घरात १०२ आणि १०८ हे दोन आकडे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेव, आणि नववा लागला की तिला तालुक्याच्या गावी कुणाकडे तरी ठेवता येईल का ते बघ — ॲम्ब्युलन्स येते, पण घाटातून यायला तिलाही वेळ लागतो.

७. निराधाराची, श्रावणबाळची पेन्शन काढायला म्हातारं माणूस वडापाला, म्हणजे खाजगी जीपला, पैसे घालून तालुक्याला जात असेल तर त्याला थांबव आणि पोस्टमनला विचार — आधारला जोडलेल्या खात्यातले पैसे तो दारात अंगठा घेऊन देतो, हे अजून पुष्कळांना ठाऊक नाही.

८. आता जरा सावकाश वाच. संपात सगळ्यांचे हाल सारखे होत नाहीत. आपल्या घरी मोटारसायकल होती, आपली अडचण म्हणजे पेट्रोलचा खर्च. पण बारावीपर्यंतच्या पोरींना अहिल्याबाई होळकर योजनेचा पास फुकट असतो, इतर विद्यार्थ्यांना तिकिटाच्या तिसऱ्या हिश्श्यात पास मिळतो, म्हाताऱ्यांना सवलत, अपंगांना सवलत. ही सगळी सवलत एसटीची. वडापवाल्याला तो पास दाखवून काय उपयोग? जायला वीस, यायला वीस धरले तर महिन्याच्या चोवीस दिवसांचे नऊशे साठ रुपये होतात. मजुरी करणाऱ्या घरात दोन पोरी असल्या तर हिशोब कर आणि मग सांग, कुणाचं दप्तर आधी खुंटीला लागेल — एसटी चुकली तर तास जातो, शाळा चुकली तर पोर जाते.

९. म्हणून शाळेत जाणाऱ्या पोरींचं पहिल्याच आठवड्यात ठरव, दुसऱ्यावर ढकलू नकोस. जवळ असेल तर पाच-सहाजणींनी मिळून चालत जायचं, लांब असेल तर एकच वडाप महिन्याच्या बोलीनं ठरवायचं, तेही नाही जमलं तर शाळेच्या गावात आत्या-मावशीकडे ठेवायचं — घरी बसलेल्या पोरीच्या हाती आधी झाडू येतो, मग भावंडं येतात, मग पाहुणे बघायला येतात.

हे मी ऐकीव सांगत नाही. करोनानंतर ४ ऑक्टोबर २०२१ ला कुठे शाळा उघडल्या होत्या आणि महिन्याभरात गाड्या बंद पडल्या. आमच्या गल्लीतली नववीतली एक पोर, गणितात हुशार, दोन महिने घरात होती. मी जाता-येता विचारायची, "काय गं, कधी जाणार शाळेत?" ती हसायची. मी तिच्या बापाशी बोलायला गेले फाल्गुनात, तोवर सुपारी फुटली होती. दिवाळीनंतर गेले असते तर माझ्या मोटारसायकलवाल्या पुतण्याच्या मागं तिची सोय सहज झाली असती.

१०. अठराच्या आत लग्नाची कुजबुज कानावर आली तर आधी आईशी बोल, मग शाळेतल्या बाईंना सांग, आणि कुणी ऐकत नसेल तर १०९८ ला फोन कर — चार दिवस तुझ्यावर रागावतील, पण पोर तुला जन्मभर विसरणार नाही.

११. बोर्डाच्या परीक्षेचं महिनाभर आधी बघून ठेव — २०२२ ला शाळा तिथं केंद्र दिलं होतं म्हणून पोरांची तालुक्याची वारी वाचली, पण शाळेपर्यंतची वाट ज्याची त्यालाच काढावी लागली. पेपरच्या दिवशी कोण कुणाला सोडणार, तो कागद शाळेच्या भिंतीवर लागलेला बरा.

१२. कुणाला गाडीवर बसवलंस आणि त्यानं पेट्रोलचे दहा रुपये दिले तर घे, नको नको करू नकोस — फुकट बसलेला माणूस दुसऱ्यांदा विचारायला लाजतो आणि चालत जातो. मी मोठ्या मनानं नको म्हणायची, आणि लोक माझ्या दारावरून पायी जायचे. घेतलेले दहा रुपये हे त्याच्या मानाचं तिकीट असतं.

१३. घरातून गाडी निघताना शेजारी एक हाक मार, "मी कराडला चाललेय, कुणाचं काही?" — रिकामी सीट नेणं हे भरल्या घरातून उपाशी माणूस परत पाठवण्यासारखं आहे.

१४. वडापात बसायच्या आधी भाडं विचार आणि आत किती माणसं आहेत ते मोज. मागच्या दारात लटकून किंवा टपावर बसून जायचं नाही, तू नाहीस आणि तुझ्यादेखत दुसरंही कुणी नाही — उसनी गाडी परवडते, उसनी घाई परवडत नाही. पोरगी एकटी जात असेल तर नंबरप्लेटचा फोटो घरी पाठवायला शिकव.

१५. मालाच्या टेम्पोत पोरंबाळं घालून लग्नाला जाऊ नका — वळणावर धरायला काही नसतं, आणि काही झालं तर विम्याचे पैसे मिळवतानाही घराचे हाल होतात.

१६. भाजी विकणाऱ्या बायकांनी पाट्या एकत्र करून एकच टेम्पो करावा आणि बाजाराला आळीपाळीनं दोघींनीच जावं — एसटीत पाटीसकट बाई जायची, टेम्पोत पाटीला वेगळं भाडं पडतं आणि मेथीच्या चार जुड्यांत ते निघत नाही.

१७. शहरात शिकणाऱ्या पोराचा डबा एसटीनं जात असेल तर त्याला एक आठवड्याचे मेसचे पैसे आधीच देऊन ठेव, आणि भात, पिठलं, थालीपीठ एवढं तरी करायला शिकव — डबा थांबला की ही पोरं वडापाववर दिवस काढतात आणि आईला फोनवर "जेवलो" म्हणून सांगतात.

१८. स्टँडवरच्या चहावाल्याला, पेपरवाल्याला, रसवंतीवाल्याला गावात आणून दोन दिवस गाडा लावू द्या — गाडीला चाकं सहा असली तरी तिच्यावर चालणारी पोटं मोजता येत नाहीत.

१९. इथं मला तुझा हात धरून बोलायचंय. तुमच्या गावात कंडक्टर, ड्रायव्हर, डेपोतला मेकॅनिक असं एखादं घर असेलच. त्यांच्यावर राग काढू नकोस. २०२१ च्या संपात नव्वद हजारांवर कर्मचारी होते एसटीत. पगार तोकडा, तोही वेळेवर नाही. एसटी राज्य सरकारात विलीन करा एवढं मागणं घेऊन ते बसले होते. नोव्हेंबरात सरकारनं पगारवाढ दिली, कुणी कामावर गेलं, कुणी थांबलं. शेवटी उच्च न्यायालयानं २२ एप्रिल २०२२ पर्यंत हजर व्हायला सांगितलं तेव्हा गाड्या पूर्ववत व्हायला लागल्या. या काळात काहींनी जीवही दिला. आमच्या आळीत एका कंडक्टरच्या बायकोनं नळावर यायचं सोडून दिलं होतं, कारण तिथं बायका तिला ऐकवायच्या, "तुझ्या नवऱ्यामुळं आमची पोरं घरात." तिच्या घरात पाच महिने पगार नव्हता. मी नळावर होते आणि गप्प राहिले. तू गप्प राहू नकोस — आपली पोरं शाळेत गेली नाहीत, तशी तिच्या पोरांची फीसुद्धा भरली गेली नव्हती.

२०. अशा घराला पैसे देऊ नकोस, तांदूळ-डाळ दे आणि किराणावाल्याला सांगून त्याची उधारी दोन महिने पुढं ढकल — पैसे हातात दिले की तो मान खाली घालतो, शिधा वाणातून गेला तर बायकाबायकांत राहतो.

२१. आधी कामावर गेलेला आणि न गेलेला, दोघंही तुझ्या दारात आले तर दोघांना सारखाच चहा दे — एकाच्या घरी म्हातारी आई अंथरुणावर असते, दुसऱ्याच्या मनात शब्द दिलेला असतो. आपण बाहेरून कोण खरं कोण खोटं ठरवायचं नाही.

२२. पोरांना सांगून ठेव, सुटलेल्या गाडीवर कुणी दगड मारायचा नाही — काच फुटते ती आपल्याच गाडीची, आणि काचेआड बसलेली असते आपलीच कुणाची तरी आई.

२३. काढलेल्या पासाची पावती आणि आरक्षणाचं तिकीट साखरेच्या डब्याखाली ठेव, फाडू नकोस — गाड्या सुरू झाल्या की मुदत वाढेल का, पैसे परत मिळतील का, हे आगारात जाऊन विचारता येतं, आणि कागद असला तरच विचारता येतं.

२४. आणि संप मिटला म्हणून गाडी आपोआप परत येते असं समजू नकोस. मोठ्या रस्त्याच्या गाड्या आधी सुटतात, खोऱ्यातली फेरी शेवटी आठवते, कधी आठवतच नाही. ग्रामसभेत ठराव घ्या, वहीतल्या त्या यादीतली नावं आणि शाळेतल्या पोरांची संख्या त्याला जोडा आणि आगारप्रमुखांना नेऊन द्या, पोच घ्या. जाताना एक बाई, एक म्हातारा आणि एक शाळकरी पोर असं मिळून जा — पुढाऱ्याच्या अर्जाला उत्तर मिळतं, पासधारक पोरीच्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं.

२५. फेरी परत सुरू झाली की पहिला महिना वडाप सोडून एसटीनंच जा, पाच मिनिटं थांबावं लागलं तरी — रिकामी धावली की "भारमान कमी" असा शेरा पडतो आणि फेरी बंद होते. सहा महिन्यांत लागलेली वडापाची सवय मोडणं जड जातं, मला माहीत आहे. आमच्या पलीकडच्या वाडीची दुपारची गाडी अशीच गेली, आणि आता तिथली म्हातारी माणसं उन्हात फाट्यापर्यंत चालतात.

२६. मुक्कामी गाडी ज्या रात्री परत येईल, त्या रात्री ड्रायव्हर-कंडक्टरला अंघोळीला गरम पाणी आणि दोन भाकऱ्या पोचव. देवळात झोपायच्या आधी त्यांच्या पोरांची चौकशी कर, पगार कधी झाला ते विचारू नकोस — बहुतेक तो झालेला नसतो.

दिवाळीला येशील तेव्हा संध्याकाळच्या कराड गाडीनंच ये. येताना शेजारच्या त्या म्हातारीसाठी पाकीटभर साखरेच्या गोळ्या आण, चिठ्ठी मी व्हॉट्सॲपवर पाठवते. आणि निघालीस की फोन कर, म्हणजे फाट्यावर बॅटरी घेऊन कुणाला तरी उभं करीन.

तुझी आत्या