ठेवावी की काढावी : मांसोत्पादनाच्या कळपातील गाईची निवड

भारतीय शेतकऱ्याच्या दृष्टीने गाय म्हणजे दूध, शेण आणि शेतीकामासाठी बैल. उत्तर अमेरिकेच्या विस्तीर्ण गवताळ मैदानांत मात्र असे असंख्य कळप आहेत, की ज्यांतील गाईंची धार कधीच काढली जात नाही. अँगस, हेरफर्ड इत्यादी जातींच्या या गाईंचे सारे दूध वासरूच पिते. वासरू सहा-सात महिन्यांचे झाले, की ते आईपासून तोडून विकले जाते आणि पुढे मांसासाठी पोसले जाते. अशा गाईकडून पशुपालकाची अपेक्षा एकच असते : दर वर्षी एक निरोगी वासरू. ही अपेक्षा जी गाय पुरी करीत नाही, तिला कळपात ठेवावे की काढून टाकावे, हा प्रश्न त्याला प्रतिवर्षी सोडवावा लागतो. काढलेली गाय बहुधा कत्तलखान्यात जाते. त्यामुळे हा निर्णय परत फिरविता येत नाही.

नेब्रास्का राज्यातील सँडहिल्स हा प्रदेश या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. सुमारे पन्नास हजार चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरलेल्या या वाळूच्या टेकड्या गवताने धरून ठेवल्या आहेत. नांगर लावला, तर वाळू मोकळी होऊन वाऱ्याबरोबर उडू लागते. म्हणून येथे पिकांऐवजी गाई. पुष्कळ ठिकाणी वासरे वसंत ऋतूत जन्मतात, उन्हाळाभर आईबरोबर चरतात आणि शरद ऋतूत तोडली जातात. त्यानंतर बर्फाचे महिने येतात आणि साठविलेल्या वाळल्या गवतावर कळप जगवावा लागतो. निवडीची वेळ नेमकी याच संधिकाळात येते.

वर्षाचे गणित

गाईचा गर्भकाळ सुमारे २८३ दिवसांचा असतो. वर्षाच्या ३६५ दिवसांतून तो वजा केला, तर केवळ ८२ दिवस उरतात. दर वर्षी त्याच सुमारास वासरू हवे असेल, तर गाईने व्याल्यानंतर एवढ्या अवधीत पुन्हा फळले पाहिजे. व्यालेल्या गाईला माजावर येण्यास बहुधा दीड-दोन महिने लागतात आणि माज दर २१ दिवसांनी येतो. म्हणजे तिला वेळेवर फळण्याची संधी एकदा किंवा फार तर दोनदा मिळते. दोन वेळा उलटलेली गाय ४२ दिवस उशिरा विते. तिचे वासरू रोज पाऊण ते एक किलोग्रॅम वाढते असे धरले, तर तोडण्याच्या दिवशी ते इतरांपेक्षा तीस-चाळीस किलोग्रॅमने हलके भरते.

गाय मुळीच फळली नाही, तर तोटा याहून मोठा असतो. पाचशे किलोग्रॅम वजनाची गाय हिवाळ्यात रोज सुमारे ११ किलोग्रॅम वाळलेले गवत खाते असे मानू. दीडशे दिवसांत तिला १,६५० किलोग्रॅम गवत लागेल. शंभर गाईंच्या कळपात अशा आठ रिकाम्या गाई असल्या, तर तेरा टनांहून अधिक गवत वासराच्या आशेशिवाय खर्ची पडेल. शिवाय वासरू नसले, तरी गाईचा खर्च टळत नाही. तो इतरांच्या वासरांवर चढतो. शंभर गाईंपासून ९५ वासरे मिळाली, तर प्रत्येक वासरावर १.०५ गाईंचा खर्च पडतो. ८० मिळाली, तर तो १.२५ गाईंचा होतो. रिकामी गाय काढण्याचा नियम या हिशेबातून आला आहे.

तपासणीचा दिवस

वासरे तोडल्यावर गाई एकामागून एक खोड्यात घेतल्या जातात. पशुवैद्य गुदमार्गातून हात घालून गर्भाशय चाचपतो. अनुभवी हाताला सुमारे दीड महिन्याचा गर्भ कळतो. श्राव्यातीत ध्वनीच्या यंत्राने तो त्याहून थोडा आधी दिसतो. गर्भ आहे की नाही याबरोबरच तो किती दिवसांचा आहे, हेही नोंदले जाते; कारण उशिरा विणाऱ्या गाई वेगळ्या काढावयाच्या असतात.

याच वेळी दात पाहिले जातात. दोनदाती, चारदाती, सहादाती आणि मग पाचव्या वर्षाच्या सुमारास जुळलेली, हा क्रम आपल्याकडील शेतकऱ्यालाही परिचित आहे. त्यानंतर मात्र दात झिजू लागतात, त्यांच्यात फटी पडतात आणि अखेर ते गळतात. पाच ते नऊ-दहा वर्षे हा गाईचा भर काळ मानला जातो. मऊ, हिरव्या कुरणात दात पडलेली गाय आणखी एखादे वर्ष काढू शकते. रेताड आणि राठ गवताच्या प्रदेशात ती हिवाळ्यात खंगते. म्हणून वयाची मर्यादा कुरण पाहूनच ठरवावी लागते.

त्यानंतर कास, खूर, डोळे आणि स्वभाव पाहिला जातो. सड फार जाड आणि कास लोंबती असेल, तर नवजात वासराच्या तोंडात सड नीट येत नाही. जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांत चीक पोटात गेला नाही, तर वासराला रोगप्रतिकारक शक्ती मिळत नाही. लंगडणारी गाय चरण्यासाठी दूरवर चालू शकत नाही. हेरफर्डसारख्या पांढऱ्या तोंडाच्या गाईंना पापणीचा कर्करोग होण्याचा संभव अधिक असतो. तो वाढण्यापूर्वीच गाय विकणे हिताचे ठरते. विताना जिचे अंग बाहेर आले, तिला पुढच्या वेळी तोच धोका असतो. माणसावर धावून जाणारी गाय कितीही चांगली वासरे देत असली, तरी ती ठेवणे म्हणजे घरच्या माणसांचा जीव धोक्यात घालणे होय.

दोष कोणाचा?

नियम इतका सोपा असता, तर निर्णयही अवघड राहिला नसता. परंतु रिकामे गर्भाशय हा नेहमीच गाईचा दोष नसतो. अमेरिकेत गाईच्या अंगावरील मांस-चरबी एक ते नऊ अशा गुणांनी मोजतात. विण्याच्या वेळी हा गुण पाचच्या आसपास असावा, असे मानले जाते. त्याहून बरीच रोड असलेली गाय उशिरा माजावर येते. अशा वेळी तिला पुरेसा चारा मिळाला होता काय, हा प्रश्न पशुपालकाने प्रथम स्वतःस विचारला पाहिजे.

पहिलारू गाईच्या बाबतीत हा प्रश्न विशेष बिकट असतो. दोन वर्षांची होताच ती विते. त्या वेळी तिची स्वतःची वाढ पुरी झालेली नसते, दात बदलत असतात, आणि वासरालाही पाजावयाचे असते. म्हणून दुसऱ्यांदा फळणे तिला सर्वांत जड जाते. एकदा सवलत दिली, की नियम ढिला पडतो, असे काही पशुपालक म्हणतात. उलट, तिच्या संगोपनावर दोन वर्षे खर्च केला आणि तो भरून येण्यापूर्वीच तिला विकले, यात शहाणपण कोणते, असे इतर विचारतात. शिवाय गाईंची फलनक्षमता आनुवंशिकतेपेक्षा आहार, आरोग्य आणि हवामान यांवर अधिक अवलंबून असते. रिकाम्या गाई काढल्याने यंदाचा हिशेब सुधारतो. परंतु केवळ तेवढ्याने कळपाचा वंश लवकर सुधारेल अशी आशा धरणे चुकीचे होय.

शंभरांत पाच-सात गाई रिकाम्या निघाल्या, तर त्या गाईंचा विचार करावा. वीस-पंचवीस निघाल्या, तर वळूची, चाऱ्याची आणि रोगांची तपासणी करावी. वळू निर्बीज असू शकतो, किंवा ट्रायकोमोनिएसिससारखा संयोगातून पसरणारा रोग कळपात शिरलेला असू शकतो. अशा वेळी गाई विकून नव्या आणल्या, तरी दोष कळपातच राहतो.

विक्रीची वेळ

काढलेली गाय हेही एक उत्पन्नच आहे. तिचे मांस मुख्यतः खिम्यासाठी जाते. शरद ऋतूत सर्वच पशुपालक एकदम गाई बाजारात आणतात. त्यामुळे भाव बहुधा उतरलेले असतात आणि वसंतापर्यंत ते चढतात. गाय रोड परंतु निरोगी असेल आणि चारा स्वस्त असेल, तर दोन-तीन महिने पोसून विकणे फायद्याचे ठरते. चारा विकत घ्यावा लागत असेल, तर तीच गोष्ट तोट्याची होते. आजारी, लंगड्या किंवा अतिवृद्ध गाईच्या बाबतीत मात्र भावाची वाट पाहू नये. स्वतःच्या पायांवर उभे राहू न शकणारे प्रौढ जनावर मानवी आहारासाठी कापण्यास अमेरिकेत २००९ पासून पूर्ण बंदी आहे; आणि अशा गाईला दूरच्या प्रवासात घालणे ही क्रूरताच होय.

अवर्षणाची कसोटी

या विचाराची खरी परीक्षा अवर्षणात होते. २०११ साली टेक्सासमध्ये भीषण दुष्काळ पडला. गवत आणि पाणी संपल्यामुळे पशुपालकांना एरवी ठेवल्या असत्या अशा गाईही विकाव्या लागल्या. अशा प्रसंगी ज्यांच्याजवळ गाईगणिक नोंदी असतात, त्यांना क्रम ठरविता येतो : प्रथम रिकाम्या, मग दात पडलेल्या, मग उशिरा विणाऱ्या, आणि अगदी शेवटी भर वयातील गाभण गाई. नोंदी नसतील, तर चांगल्या-वाईटाचा भेद न होता कळप घटतो.

घटलेला कळप पुन्हा उभा करणे वेळखाऊ असते. आज ठेवलेली नवजात कालवड दोन वर्षांनी विणार आणि तिचे वासरू बाजारात जाण्यास त्यानंतरही काही महिने लागणार. १ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेतील गोवंशाची एकूण संख्या सुमारे ८ कोटी ७२ लाख होती. १९५१ नंतरची ती तोवरची सर्वांत कमी होती. त्यापूर्वीच्या वर्षांतील अवर्षण आणि वाढता खर्च ही त्यामागील प्रमुख कारणे होती.

तेव्हा ठेवावी की काढावी, या प्रश्नाचे उत्तर गाईने आजवर काय दिले यावरून नव्हे, तर पुढील वर्षी ती काय देऊ शकेल आणि तेवढ्यासाठी किती चारा लागेल, यावरून द्यावे लागते. दहा वर्षे इमानाने वासरे दिलेल्या गाईविषयी पशुपालकाला ममता वाटणे स्वाभाविक आहे, आणि एखादी अशी गाय तो जाणूनबुजून ठेवीलही. परंतु तिचा खर्च आपण ममतेपोटी करीत आहोत, उत्पन्नासाठी नव्हे, हे त्याने वहीत स्पष्ट लिहून ठेवावे. ज्या गाईला काढावयाचे, तिच्या नावापुढे कारणही लिहावे. काही वर्षांनी तीच कारणे एकत्र वाचली, म्हणजे दोष गाईंचा किती आणि व्यवस्थेचा किती, हे आपोआप स्पष्ट होते.