ऊस वाहतुकीच्या जुन्या ट्रकमधील ईजीआर बिघाड : ओळख व तपासणी

कोपरगाव तालुक्यात गळीत हंगाम सुरू झाला की कोळपेवाडी व सहजानंदनगर येथील कारखान्यांकडे उसाच्या गाड्यांची रीघ लागते. तोडलेला ऊस वाळला की वजन घटते आणि साखर उताराही उतरतो. त्यामुळे भरलेली गाडी वाटेत अडणे परवडत नाही. ट्रक ओढेनासा झाला, काळा धूर टाकू लागला की बहुधा आधी पंप व नोझल खोलले जातात. पैसे खर्च होतात, धूर मात्र तसाच राहतो. अशा वेळी दोष पुष्कळदा ईजीआर झडपेत असतो. क्रमाने तपासणी केल्यास तो थोड्या खर्चात सापडतो.

ईजीआर म्हणजे काय?

जळून बाहेर पडणाऱ्या वायूचा काही भाग या झडपेतून पुन्हा इंजिनात घेतला जातो. त्यामुळे ज्वलनाचे तापमान कमी राहते व नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड कमी तयार होतात. बीएस-३ व बीएस-४ काळातील अनेक डिझेल गाड्यांना ही रचना आहे. बीएस-४ मानके देशभर एप्रिल २०१७ पासून लागू झाली. त्या काळातील काही जड ट्रकना मात्र ईजीआरऐवजी युरियाच्या द्रावणावर चालणारी यंत्रणा आहे. म्हणून आपल्या गाडीस काय आहे, ते प्रथम माहितीपुस्तिकेत पाहावे.

बिघाड का होतो?

धुरासोबत काजळी येते. तिला इंजिनातील तेलाची वाफ मिळाली की डांबरासारखा थर बसतो. कारखान्याच्या आवारात नंबर लागेपर्यंत तासन्‌तास इंजिन चालू ठेवल्यास ते पुरेसे तापत नाही व काजळी वाढते.

लक्षणे

१) झडप उघडी अडकल्यास : काळा धूर, चढावर दम न धरणे, स्लोवर इंजिन थरथरणे, डिझेल जास्त लागणे.

२) झडप बंद अडकल्यास : ओढ कमी होत नाही, त्यामुळे चालकाच्या लक्षात येत नाही. काही गाड्यांत इंजिनाचा दिवा लागतो.

३) ईजीआर कूलर फुटल्यास : बाहेर गळती नसताना कूलंट कमी होणे, सकाळी पांढरा धूर येणे.

तपासणीचा क्रम

१) आधी एअर फिल्टर पाहावा. टर्बोच्या पाइपांच्या क्लिपा व चिरा तपासाव्यात. डिझेल फिल्टरमधील पाणी काढावे. काळ्या धुराचे कारण येथेच सापडण्याचा संभव असतो.

२) झडप व्हॅक्यूमवर चालणारी असल्यास तिची बारीक नळी काढून नळीचे तोंड बंद करावे व गाडी चालवून पाहावी. धूर थांबला, तर झडप ठीक असून दोष तिला व्हॅक्यूम देणाऱ्या सोलेनॉइडमध्ये किंवा त्याच्या वायरिंगमध्ये आहे. धूर तसाच राहिला, तर झडप उघडी अडकली असावी किंवा दोष अन्यत्र असावा.

३) इंजिन स्लोवर असताना हातपंपाने झडपेला व्हॅक्यूम द्यावा. इंजिनाचा आवाज बदलला व व्हॅक्यूम सोडताच पूर्ववत झाला, तर झडप व मार्ग मोकळे आहेत. काहीच फरक न पडल्यास मार्ग तुंबलेला, झडप अडकलेली किंवा तिचा पडदा फाटलेला समजावा. पडदा फाटला असल्यास व्हॅक्यूम टिकत नाही.

४) झडप विजेवर चालणारी असल्यास प्रथम कनेक्टर व वायर पाहावी. शेडमध्ये उभ्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात. स्कॅनरवर पी ०४०१ आल्यास वायू कमी येतो आणि पी ०४०२ आल्यास जास्त येतो, एवढाच अर्थ घ्यावा. केवळ कोड पाहून नवी झडप घेऊ नये. तुंबलेल्या पाइपमुळेही पहिला कोड येतो.

५) इंजिन थंड झाल्यावर झडप काढून पाहावी. कोरडी काजळी नेहमीची असते. आतून ओल व कूलंटचा वास आल्यास कूलर फुटल्याचा संशय घ्यावा. कूलर काढून पाण्यात बुडवून कमी दाबाच्या हवेने तपासावा. ही खात्री होईपर्यंत हेड खोलू नये. सिलिंडरमध्ये पाणी उतरल्याची शंका असल्यास स्टार्टर मारू नये. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो.

सफाई व खबरदारी

झडप मोकळ्या हवेत, तोंडाला मास्क लावून कार्ब क्लीनर व मऊ ब्रशने साफ करावी. पात्याने खरवडू नये. विजेची मोटर द्रावणात बुडवू नये. बसवताना नवे गॅस्केट वापरावे. काजळी वाढवणारे मूळ कारण, म्हणजे खराब नोझल किंवा टर्बोच्या पाइपची गळती, तसेच राहिल्यास झडप पुन्हा तुंबते.

पत्र्याची चकती टाकून ईजीआर कायमचा बंद करण्याचा सल्ला मिळतो. तो मानू नये. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ रचनेत असा फेरफार करता येत नाही. डिझेल गाडीच्या पीयूसीमध्ये फक्त धुराची दाटी मोजली जाते. त्यामुळे हा दोष तेथे दिसत नाही, पण नायट्रोजनचे ऑक्साइड वाढतात. त्यांपासून उन्हात तयार होणारा ओझोन गहू व सोयाबीनच्या पानांना इजा करतो. म्हणजे नुकसान अखेर शेतातच येते.

रांगेत बराच वेळ थांबायचे असेल तेव्हा इंजिन बंद ठेवावे. भार ओढून आल्यावर मात्र टर्बो थंड होण्यासाठी एक-दोन मिनिटे स्लोवर चालू देऊन मगच बंद करावे. हंगामापूर्वी, ऑक्टोबरच्या आत, झडप, नळ्या व कूलंटची पातळी एकदा तपासून घ्यावी. ऊस गाडीत भरल्यानंतर या कामाला सवड मिळत नाही.