दीडपट वेगाने चित्रपट पाहणाऱ्या भाच्यास

चि. बाळ यास,



तुझे पत्र आणि सोबत जोडलेली चित्रपटांची यादी पोहोचली. ‘कुंकू’, ‘टोकियो स्टोरी’, ‘जॉज’, ‘शोले’, ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ अशी परस्परांशी कसलीही सोयरीक नसलेली मंडळी तू एका पंगतीला बसवलीस, याचे कौतुक वाटले. घराचा उंबरा न ओलांडता इतक्या मुलखांत हजेरी लावण्याची सोय आम्हांला तुझ्या वयात असती, तर आमची अभिरुचीही इतकी सोवळी राहिली नसती. परंतु प्रत्येक चित्रपटापुढे दहापैकी गुण मांडून तू जी गुणपत्रिका तयार केली आहेस, आणि तिच्या तळाशी ‘बहुतेक दीडपट वेगाने पाहिले’ असा जो शेरा निर्विकारपणे मारला आहेस, त्यासंबंधी चार शब्द लिहिणे मला प्राप्त आहे.

चित्रपटगृहात प्रेक्षक हा रयत असतो. दिवे मालवले की पडद्यावरच्या हुकमतीपुढे त्याचे काही चालत नाही. घरी मात्र थांबवणे, पळवणे, मागे नेणे हे सगळे अखत्यार त्याच्या अंगठ्यापाशी येऊन बसतात, आणि आयती मिळालेली सत्ता गाजवून पाहण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. माझे सांगणे एवढेच, की पहिल्या खेपेस ही सत्ता तहकूब ठेवावी.

‘कुंकू’चेच पाहा. प्रभातने १९३७ साली काढलेल्या, नारायण हरी आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटात शांतारामांनी पार्श्वसंगीताला पूर्ण फाटा दिला. जो ध्वनी कानी पडतो तो त्या घरातला, त्या रस्त्यावरचा, पात्रांच्या अवतीभवतीचा. अशा निःशब्दतेत काकासाहेबांच्या भिंतीवरचे ते जुने घड्याळ टिकटिक करू लागते, तेव्हा केशवराव दात्यांनी उभ्या केलेल्या त्या वृद्धाची उतरती वर्षे आणि फसवून बोहल्यावर चढवलेल्या नीरेचे, म्हणजे शांता आपट्यांचे, कोंडलेले तारुण्य ही दोन्ही एकाच लंबकाने मोजली जात असल्याचा प्रत्यय येतो. आता तूच सांग, ते घड्याळ दीडपट वेगाने पळवल्यावर काकासाहेबांच्या वयाचा हिशेब लागायचा कसा? ‘मध्ये बराच वेळ काही घडतच नाही’ ही तुझी फिर्याद मी याच कारणास्तव दाखल करून घेत नाही.

ओझूच्या १९५३ सालच्या ‘टोकियो स्टोरी’ला तू पाच गुण दिले आहेस. ओनोमिचीहून मुलांना भेटायला टोकियोत आलेल्या आईबापांची अडचण होऊ लागते, म्हणून थोरली मुले वर्गणी काढून त्यांची रवानगी अतामीच्या उन्हाळ्यांवर करतात; तिथे रात्रभर शेजारच्या खोल्यांतला गोंगाट त्यांना झोपू देत नाही. सकाळी ती दोघे समुद्राच्या बांधावर बसतात आणि परत फिरावे म्हणून उठू लागतात. म्हातारीला किंचित घेरी येते, ती जागच्या जागी वाकते, मग सावरते आणि नवऱ्यामागून चालू लागते. संगीत उसळत नाही, कॅमेरा तिच्या मुद्रेवर झेपावत नाही. पुढच्या सगळ्या दुःखाची आगाऊ वर्दी त्या एका क्षणात दिलेली आहे; आणि दीडपट वेगात तो क्षण म्हणजे बाई नुसती अडखळल्याचा भास. हा चित्रपट पुन्हा पाहशील तेव्हा खुर्ची सोडून जमिनीवर मांडी घालून बस. ओझूचा कॅमेरा चटईवर बसलेल्या माणसाच्या दृष्टीच्या जवळपास किंवा त्याहूनही खाली ठेवलेला असतो, आणि त्या उंचीवरून ते घर, तो पंखा, ती चहाची भांडी वेगळीच दिसतात.

‘जॉज’विषयी मला फारसे म्हणायचे नाही; समुद्राच्या पाण्यात यांत्रिक मासा वारंवार बिघडल्यामुळे स्पिलबर्गला तो लपवून ठेवावा लागला आणि भीती दुणावली, ही हकीकत तुला ठाऊकच असेल. ‘शोले’तला गोळीबार तू मन लावून पाहिलास, हेही उघड आहे. परंतु राधा एकेक दिवा मालवीत जाते आणि दूर जय माउथ ऑर्गन वाजवीत बसतो, तो प्रसंग तू ओलांडून गेलास. त्याच्या संधिप्रकाशासाठी छायालेखक द्वारका दिवेचा आणि सारा ताफा कित्येक दिवस मावळतीची वाट पाहत खोळंबला होता.

मागे नेण्याची मुभा खरी उपयोगी पडते ती दुसऱ्या खेपेस. १९५७ सालच्या ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’चा आरंभ आणि शेवट लागोपाठ लावून बघ. सिडनी ल्यूमेटने कॅमेरा आधी ज्यूरींच्या नजरेच्या वर, मग तिच्या पातळीवर आणि अखेरीस तिच्याखाली नेला, शिवाय भिंगेही क्रमाक्रमाने अधिक लांब पल्ल्याची वापरली. त्यामुळे फैसला जवळ येतो तसतशा भिंती माणसांच्या अंगावर येतात आणि सुरुवातीला नजरेत न भरलेले छत त्यांच्या डोक्यावर दिसू लागते. असे काही सापडले की ते वहीत टिपून ठेव. गुणांचा रकाना मात्र तूर्त कोराच राहू दे. दुसऱ्या दिवशी दात घासताना कोणता प्रसंग आठवला, हे त्यात लिहिलेस तर मला अधिक उपयोगाचे.

पुढच्या रविवारी आजीला दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ दाखवणार आहेस, असे तू लिहितोस. तिथे माझे वरचे सर्व नियम रद्द समजावेत. पागनीसांबरोबर ती गाईल, गौरीची जिजाई पायातली वहाण घेऊन विठोबाच्या देवळात शिरेल तेव्हा तिच्या बाजूने भांडेलही. तिने थांबव म्हटले तर थांबवावे, पुन्हा लाव म्हटले तर निमूटपणे लावावे. त्यातले शांताराम आठवल्यांनी रचलेले पद ती अनेकांप्रमाणे तुकोबांचाच अभंग मानून म्हणते. ती दुरुस्ती करायला जाऊ नकोस. मी एकदा करू पाहिली, आणि त्या दिवशी मला चहा मिळाला नाही.

तुझा,
मामा