इंडेक्स असूनही क्वेरी स्लो का?

मित्रांनो, "इंडेक्स लावला की क्वेरी फास्ट" हे वाक्य आपण सगळेच व्हायवात बिनधास्त ठोकतो. मीही ठोकलं. एक्स्टर्नल सरांनी शांतपणे विचारलं, "कुठल्याही कंडिशनला?" आणि माझी बोलती बंद! घरी येऊन मायएसक्यूएलचं मॅन्युअल उघडलं.

उदाहरण आपल्याच पत्त्यातलं घेऊ. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. पहिले तीन आकडे सॉर्टिंग जिल्ह्यापर्यंत नेतात, शेवटचे तीन पोस्ट ऑफिसपर्यंत. उल्हासनगर-१ चा पिन ४२१००१, अंबरनाथचा ४२१५०१, बदलापूरचा ४२१५०३.

बी-ट्री इंडेक्सही असाच डावीकडून लावलेला असतो. म्हणून पिन लाईक '४२१५%' ला तो वापरता येतो. '%५०१' ला नाही. सुरुवातच माहीत नसेल तर शोधायचं कुठून?

दुसरी चूक म्हणजे कॉलमला फंक्शनमध्ये गुंडाळणं. इयर(तारीख) = २००५ लिहिलं, तर साधा इंडेक्स उपयोगी पडत नाही, कारण त्यात तारखा क्रमाने आहेत, फंक्शनचं उत्तर नाही. त्याऐवजी १ जानेवारी २००५ पासून १ जानेवारी २००६ च्या आधीपर्यंत अशी रेंज द्या. (२०१८ मध्ये आलेल्या ८.०.१३ व्हर्जनपासून फंक्शनवरही इंडेक्स करता येतो.)

तिसरी चूक माझी स्वतःची. पिनचा कॉलम व्हारकॅर, आणि मी कोट्स न लावता नंबर दिला. '४२१००१' आणि '०४२१००१' या वेगळ्या स्ट्रिंग्ज, पण नंबर एकच! त्यामुळे डेटाबेसला प्रत्येक ओळ तपासावी लागते.

हे सगळं सुधारून '४२१%' टाकलं, तरी एक्सप्लेनमध्ये टाईप 'ऑल'च. मॅन्युअल चुकलं की काय? नाही, वाचण्यात मीच चुकले होते. इंडेक्स "वापरता येतो" असं लिहिलंय, "वापरला जाईलच" असं नाही. माझ्या टेबलातली जवळपास सगळी गिऱ्हाइकं ४२१ चीच! मग इंडेक्समधून एकेक ओळ आणण्यापेक्षा अख्खं टेबल वाचणं ऑप्टिमायझरला स्वस्त पडलं. अंबरनाथची गिऱ्हाइकं मोजकीच होती; '४२१५०१' टाकताच इंडेक्स लागला.

तेव्हा व्हायवाला जाण्याआधी प्रत्येक क्वेरीपुढे एक्सप्लेन लिहून बघा. सरांनी विचारण्याआधी आपणच विचारलेलं बरं, नाही का?