दर्या, दऱ्या आणि एक बटण

'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल जागा, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. तरीपण आम्हां काही विद्यार्थ्यांच्या संकेतस्थळावर कान्हेरीच्या लेण्यांविषयी जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात 'राष्ट्रीय उद्यानातील दर्या' असे छापून गेले. बोरीवलीच्या पूर्वेस समुद्र केव्हा आला, असे सरांनी विचारले तेव्हा चूक ध्यानात आली. लेख माझाच होता.

चुकीचे मूळ असे. 'र', हलन्ताचे चिन्ह आणि 'य' ही तीन चिन्हे ओळीने टंकित केली की संगणक त्या 'र'चा रफार करून पुढील अक्षराच्या डोक्यावर चढवतो. आपल्याला मात्र पुष्कळ वेळा डावीकडे आडवा राहणारा अर्धा 'र' हवा असतो. हा केवळ दिसण्याचा प्रश्न नव्हे. रफार असला की मागील अक्षरावर आघात येतो, आडव्या 'र'ने येत नाही. 'आचार्यांनी वाढले' आणि 'आचाऱ्यांनी वाढले' यांत वाढणारी माणसेच बदलतात!

युनिकोडमध्ये या आडव्या 'र'साठी 'ऱ' हे अक्षर आहे. इनस्क्रिप्ट कळफलकावर ते 'र'च्याच कळीवर, शिफ्ट दाबून मिळते. दुसरा मार्ग असा की साध्या 'र'ला हलन्त देऊन पुढे 'झिरो विड्थ जॉइनर' नावाचे न दिसणारे जोडचिन्ह घालायचे. दोन्हींचे रूप डोळ्यांना सारखेच दिसते; संगणकाच्या लेखी मात्र ते दोन निराळे शब्द असतात, आणि शोध घेताना एक सापडून दुसरा निसटण्याची शक्यता राहते. आमच्यापैकी प्रत्येक जण आपापल्या मोबाइलवर आपापल्या रीतीने लिहीत होता. तेव्हा लिहिण्याच्या चौकोनातच, म्हणजे एडिटरमध्ये, 'ऱ्य'चे एक बटण असावे असे ठरले.

आमचे स्थळ वर्डप्रेसवर आहे. ही प्रणाली २००३ साली निघाली, ती विनामूल्य आहे आणि तिचा कोड कोणालाही उघडून पाहता येतो. माझ्यासारख्या कलाशाखेच्या विद्यार्थ्याने तिला हात लावण्याचे धाडस केले ते यामुळेच. डिसेंबर २०१८ च्या पाचव्या आवृत्तीपासून तिचा एडिटर ठोकळ्यांचा झाला आहे. आम्ही 'क्लासिक एडिटर' घालून जुना चौकोन ठेवला असून पुढील वर्णन त्यालाच लागू पडते.

मूळ कोडमध्ये बदल करू नये, कारण नवी आवृत्ती घेताच आपला बदल पुसला जातो. म्हणून प्लगइन करायचे. प्लगइन म्हणजे फार काही नव्हे. एक फोल्डर आणि त्यात दोन फाइली. पहिली पीएचपीची. तिच्या माथ्यावर प्लगइनचे नाव लिहिले की व्यवस्थापनाच्या यादीत ते दिसू लागते. याच फाइलमध्ये दोन कामे होतात. बटणांची पट्टी मांडण्यापूर्वी वर्डप्रेस बटणांच्या नावांची यादी आपल्या हाती देते, तीत आपले नाव घालायचे. आणि दुसरी फाइल कोठे ठेवली आहे ते सांगायचे. ही दुसरी फाइल जावास्क्रिप्टची. बटणावर काय लिहिलेले दिसेल आणि ते दाबल्यावर कर्सरच्या जागी कोणता मजकूर उमटेल, हे तीत असते. बटणाचे आतले नाव दोन्ही फाइलींत अगदी सारखे हवे, आणि फाइल यूटीएफ-८ मध्येच जतन करावी. नाहीतर 'ऱ्य'च्या जागी भलतीच चिन्हे उमटतात.

येथे माझी एक फजिती सांगितली पाहिजे. ती यादी वर्गात फिरणाऱ्या हजेरीच्या कागदासारखी असते. आपले नाव लिहून कागद पुढे द्यावा लागतो. मी नाव लिहिले आणि यादी परत करण्याची ओळच विसरलो, म्हणजे कागद खिशात घातला. नवे बटण आले नाहीच, पण ठळक, तिरपे, दुवा ही त्या ओळीतील जुनी बटणेही नाहीशी झाली. संध्याकाळभर शोधल्यावर एका शब्दाची उणीव सापडली.

पहिले बटण चालू लागल्यावर 'ॲ'चे दुसरे केले. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्यापूर्वी 'अ'वर चंद्र चढवून काम भागवावे लागे आणि ती सवय अजून गेलेली नाही. शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने 'ॲ' मराठी वर्णमालेतही आले आहे. पुढे लेखकमित्रांनी बटणांच्या मागण्यांचा सपाटाच लावला. चारांच्या वर बटणे घालायची नाहीत असे मी ठरवले आहे. पट्टी भरली की कोणी तिच्याकडे पाहत नाही.

बटणाने पुढील लेखन सुधारते, मागील नव्हे. जुन्या लेखांतील सारे 'दर्या' एका फटक्यात 'दऱ्या' करून टाक, असे एका मित्राने सुचविले. परंतु आमच्याच स्थळावर गोराईच्या कोळी बांधवांवरही एक लेख आहे, आणि त्यातला दर्या खराच दर्या आहे. म्हणून सध्या एकेक लेख उघडून, वाचून, हातानेच दुरुस्ती चालू आहे.