अंदाजपंचे तेल

ताम्हिणीकडून आषाढ उतरला की मुळशीत दोन गोष्टी रातोरात वाढतात, खाचरातलं पाणी आणि बांधावरचं गवत. पूर्वी विळा पुरायचा, विळा धरणारे हातही पुरायचे. आता खांद्याला ब्रश कटर अडकवतो. तो चालवायला अर्ध्या तासात जमतं. त्याच्या टाकीत काय आणि किती ओतायचं हे उमगायला मात्र मला बरेच पावसाळे लागले. त्यातून हाती आलेलं हे थोडंसं.

१. या टू-स्ट्रोक इंजिनाच्या पोटात तेल राहतच नाही. मोटारसायकलचं ऑइल आतल्या आत फिरत असतं, बदलेपर्यंत तेच. टू-स्ट्रोकचं तेल पेट्रोलचा हात धरून आत जातं, क्रँकच्या बेअरिंगांना आणि पिस्टनला वंगण देतं आणि जळून सायलेन्सरमधून निघून जातं. डिपस्टिक नाही, धोक्याचा दिवा नाही. कॅनमध्ये कालवलं असेल तेवढंच त्याच्या नशिबी. नुसतं पेट्रोल गेलं तर पिस्टन धरतो आणि मग बोअरचा खर्च ऐकून आपणही जागच्या जागी धरतो.

२. प्रमाण हे अनुभवाने येत नाही, ते लिहिलेलं असतं. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली, ४०:१ म्हणजे २५, २५:१ म्हणजे ४०. हिशोब चौथीतला. पण गावात मापाचं नाव ‘झाकणभर’, आणि प्रत्येकाच्या बाटलीचं झाकण निराळं. घरात आंबेमोहोराच्या भाताचं पाणी बोटाच्या पेरावर ठरतं आणि भात कधी बिघडत नाही, म्हणून आम्हाला अंदाजाचा भारी अभिमान. भात शिजताना शीत दाबून पाहता येतं, इंजिनात डोकावता येत नाही. काही पुस्तिकांत तर कंपनीच्या तेलाला ५०:१ आणि बाहेरच्या तेलाला २५:१ असं लिहिलेलं असतं. यंत्राची पुस्तिका आणि तेलाची बाटली, दोन्ही वाचायला चष्मा लावावा लागतो. कमीपणा वाटतो खरा, पण बांधावर कोण बघतंय?

३. चार थेंब जास्त टाकणं ही माया नव्हे. जनावराला पेंड, पाहुण्याला तूप, तसं यंत्राला तेल, असा आपला स्वभाव. जादा तेल नीट जळत नाही. प्लग ओला होतो, सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी धरते, दोर ओढून खांदा निघायची वेळ येते. याहून चकित करणारी गोष्ट पुढे आहे. कार्बोरेटर मोजतो ते सगळं मिश्रण, निव्वळ पेट्रोल नव्हे. त्यात तेलाचा वाटा वाढला की पेट्रोलचा तेवढा घटतो, हवा तीच राहते. म्हणजे ज्वलनापुरतं मिश्रण पातळच होतं. थंडाव्यासाठी ओतलेलं तेल उलटं गरमीकडे नेऊ शकतं, हे ऐकून मी बराच वेळ गप्प होतो. एरवी मी गप्प बसणारा नाही.

४. बाटलीची खरी ओळख मागच्या बाजूला असते. पुढे ज्वाळा, गरुड, शर्यतीची गाडी. मागे बारीक अक्षरात ‘जासो’ या जपानी मानकाची खूण: एफबी, एफसी, एफडी. एफसी म्हणजे कमी धूर, एफडी म्हणजे त्यावर आतली स्वच्छता अधिक चांगली. ‘टीसी-डब्ल्यू३’ लिहिलेलं तेल बोटीच्या पाण्याने गार होणाऱ्या इंजिनासाठी असतं. ते कितीही महाग असो, वाऱ्यावर गार होणाऱ्या आपल्या तापट यंत्राचं ते नव्हे. मोटारसायकलचं फोर-टी ऑइलही नको, ते जळण्यासाठी बनलेलंच नसतं. किंमत पाहून दर्जा ठरवायची माझी जुनी खोड इथे निरुपयोगी ठरली.

५. पावसाळ्यात तयार मिश्रणाचं वय झपाट्याने वाढतं. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉलला पाण्याची ओढ. आमच्या हवेत ती ओढ भागायला वेळ लागत नाही. पाणी मर्यादेबाहेर गेलं की ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसतं, तेल बहुतेक वरच्या पेट्रोलातच राहतं, आणि टाकीतली नळी नेमकी तळाचं ओढते. अनेक यंत्रांच्या पुस्तिका अजून १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल म्हणतात. म्हणून मिश्रण आठवड्याला पुरेल इतकंच करावं, कॅनचं बूच घट्ट लावावं, ओतण्याआधी हलवावं. आणि हंगाम सरला की टाकी रिकामी करून यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवावं. बेगमी करायची सवय असलेल्या घरात हे पटवणं सर्वांत अवघड.

६. आधीच्या पिढीला हे सगळं ठाऊक होतं. चेतक स्कूटर आकुर्डीची, लूना मोपेड पुण्याच्या फिरोदियांची, दोन्ही टू-स्ट्रोक, दोन्ही १९७२ सालच्या. पंपावर पेट्रोलबरोबर टू-टी ऑइल मागणं तेव्हा रोजचं. पुढे आरएक्स १०० मोटारसायकल आली, तिचा पंप तेल आपोआप सोडायचा, आणि मग फोर-स्ट्रोक गाड्यांनी ही विद्याच रस्त्यावरून पुसली. ती उरली बांधावर. पिरंगुटच्या मेकॅनिककडे यंत्र नेलं की तो आधी प्लग काढतो. फिकट तपकिरी असेल तर मान डोलावतो. काळा, ओला निघाला की ब्रँड विचारत नाही, विचारतो, “काका, घरात मिक्स कोण करतं?”

७. तेलाचा रंग यंत्रासाठी नसतो, माणसासाठी असतो. हिरवा किंवा निळा रंग एवढंच सांगतो की यात तेल पडलंय. किती पडलंय, ते सांगत नाही. भात कापणीच्या गर्दीत कॅन कोणाच्याही हाती लागतो, म्हणून आमच्याकडे त्यावर रंगाने ‘मिक्स’ लिहिलंय. आधी थोडं पेट्रोल, मग तेल, हलवायचं, मग उरलेलं पेट्रोल. तेल मोजायला मेडिकलमधली २० मिलीची सिरिंज आहे, बिनसुईची. मी ती हातात घेतली की घरचे म्हणतात, “डॉक्टर आले.” म्हणोत. राजकारणापासून पावसापर्यंत सगळ्यावर अंदाजाने बोलणाऱ्या माणसाला एका तरी बाबतीत मिलीलिटरची शिस्त असावी. तुमच्याकडे ती बाब वेगळी असेल.